धुऱ्यावर शिकवलेलं टेक ओव्हर

सत्कार समितीचा माणूस ऐन रोवणीत आला आणि म्हणाला, "आजी, सरांवर लिहून द्या, पण भाषा जरा चांगली ठेवा." चौथी शिकलेलीला लिहायला सांगायचं आणि वर चांगली भाषाही मागायची! हाताचा चिखल धुऊन लिहिते आहे, जमेल तसं वाचून दाखवा. आता सर्वांना नमस्कार.

ढेंगे सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. सर आंधळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. एकदा ते आठवीचा वर्ग घेऊन आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभे राहिले. आम्ही बायका खाली बांधीत, भाताच्या खाचरात, धान रोवत होतो.

"मास्तर, पोट्टे शाळेत शिकवा ना! धुरा कायले तुडवून राहिले?"

"काकू, टेक ओव्हर दाखवून राहिलो. वर्गात सारे 'वरून घेणे' म्हणतात."

तेवढ्यात आमच्यातल्या ताराबाईंचं लेकरू रडलं, त्या उठल्या. आमच्यात उठलेल्या बाईची पात अर्धी राहत नाही. शेजारची आपल्या ओळीबरोबर तिचीही रोवते, ती आली की पात परत देते. शेजारच्या सिंधूने तेच केलं.

सर म्हणाले, "पाहा. एकाचं चालू काम दुसऱ्यानं हाती घेतलं, की टेक ओव्हर."

एक पोरगी बोलली, "सर, पाटलानं तलावाची जागा दाबली, ते काय?"

"तेही टेक ओव्हर. ताबा घेतला तरी शब्द हाच."

"मंग फरक कसा कळन?"

"कोणाचं घेतलं, कसं घेतलं, ते बाकीचं वाक्य सांगते."

मी म्हटलं, "पाटलानं वापस नाही देलं, एवढं लिवा." सर खळखळून हसले.

ती पोरगी म्हणजे माझी नात करुणा. पुढे इंग्रजीत नापास झाली. सर घरी आले, पण तिला रागावले नाहीत. मी असते तर दोन धपाटे दिले असते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी समाजमंदिरात संध्याकाळी तिला शिकवायला घेतलं. मागोमाग गावातली पोरं आली. तो वर्ग आजही चालतो. करुणा आता जवाहरनगरला इंग्रजीच्या शिकवण्या घेते.

सरांना साठावं लागलं. डोळ्यांनी फळा दिसत नाही. दिवाळीनंतर वर्ग थांबवतो, असं त्यांनी गावाच्या बैठकीत सांगितलं. सारे एका सुरात म्हणाले, "सर, तुमच्यासारखं कोणाले जमन?" ऐकायला गोड आहे, पण असं बोलून सगळ्यांनी हात झटकले. ताराबाई उठल्या तेव्हा "त्यांच्यासारखं मले जमत नाही" म्हणत सिंधू बसून राहिली नव्हती.

सरांनी डोळ्यांचं ऑपरेशन टाळू नये, पोटभर जेवावं आणि शंभरी पाहावी. त्यांच्या हातून पुष्कळ झालं, आता त्यांनी धुऱ्यावर बसावं.

वर्ग कोण घेणार, याचं उत्तर आजच हवं. सरांनी बोलायचं नाही, सरपंचांनी तर नाहीच. करुणा, उभी राहा. तू सांग.