ज्येष्ठातली मोजणी

आमच्या कचेरीत जमिनीला चार रंग होते. गुलाबी म्हणजे क्वार्टर, लाल म्हणजे बाजार, जांभळा म्हणजे कारखाना आणि हिरवा म्हणजे मोकळं. मोकळं म्हणजे जिथं काय बांधायचं ते अजून कोणाला सुचलेलं नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात मोठ्याने म्हणाले. पत्र्याच्या त्या लांब शेडमधल्या साऱ्या माना टेबलांवरून वर झाल्या.

मी ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने आखलेला आराखडा खाली ठेवायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं, शाई धरावी म्हणून खडूची भुकटी चोळायची आणि रेघ न् रेघ उतरवायची. चुकलं तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. विचार करण्याचा पगार मिळत नव्हता, पण ती खोड मला घरातूनच लागलेली. वडील भंडाऱ्याकडचे शेतकरी. भिलाईत कारखान्याचं काम निघालं तेव्हा आले आणि खोदकामावर लागले. येताना त्यांनी पत्र्याची एक पेटी आणली होती, सभांच्या पत्रकांनी भरलेली. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. 'श' माझ्यासाठी शहामृगाचा कधीच नव्हता, शोषणाचा होता.

आमचे हेड ड्राफ्ट्समन वडिलांच्याच मुलखातले. सारे त्यांना मोठे बाबू म्हणत. मी दारात दिसले की ते चष्म्यावरून बघत.

"आली का आमची आमसभा? आज कोणाच्या विरोधात हाय?"

"तुमच्या," मी म्हणे.

"मंग बस. पहिले हे उत्तरेकडचं ट्रेस करून घे, मंग मले उलथवजो."

त्या श्रावणात माझ्यापुढे आलेला कागद कुरुदच्या वाटेवरच्या एका गावाचा होता. शेतं संपादनात गेलेली, घरं तेवढी राहणार होती. गावाला लागून एक मोठा तुकडा रिकामा दाखवला होता आणि त्यावर इंग्रजीत 'वेस्ट लँड' लिहिलं होतं. त्यावरून गुलाबी क्वार्टरांची अख्खी रांग जात होती. आणि तुकड्याच्या बरोबर मध्ये एक बारीक गोल, आत ठिपका. ही तारेच्या खांबाची खूण.

मी खांब उतरवला आणि हात थांबला. तार कुठून आली आणि कुठे गेली? आजूबाजूला दुसरा खांब नव्हता. एकटा खांब पडीत जमिनीत काय करतो?

मोठ्या बाबूंना दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग कोपऱ्यातली मोजणीची तारीख वाचली. कंत्राटदाराच्या माणसाने ऐन ज्येष्ठात मोजणी केली होती.

"पोरी, भंडाऱ्याची ना तू?" ते म्हणाले. "ज्येष्ठात आपल्याकडचं तळं कसं दिसते?"

"मैदानासारखं. पोरं विटीदांडू खेळतात."

"हं. उद्या रविवार हाय. सायकल घेऊन ये."

मला दुसरं काही नको होतं. घरी जाताच मी दोन्ही बाजूंनी भरून पत्रक लिहिलं. 'पडीत कोणाच्या डोळ्यांनी?' असा त्याचा मथळा. कार्बन लावून पाच प्रती काढल्या. सकाळी सायकली हातात धरून चिखलातून चालताना मोठ्या बाबूंना ते वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"भाषा झकास हाय. वाटणार कोणाले?"

"गावाला."

"गावाले? मराठीत?"

मी प्रती घडी करून पिशवीत ठेवल्या. अख्खं गाव छत्तीसगढी बोलणारं, त्यातही वाचू शकणारे किती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोठे बाबू पुढचा अर्धा मैल मधूनच हसत होते.

नकाशावरचा रिकामा तुकडा काठोकाठ भरला होता. घाटावर बाया कपडे आपटत होत्या, म्हशी पाण्यात फक्त नाकं वर ठेवून पडल्या होत्या. आणि पाण्याच्या मधोमध एक जाड, काळपट लाकडी खांब उभा होता.

घाटावरची एक म्हातारी आमच्या सायकलींकडे बघून ओरडली, "का नापे बर आए हस, नोनी?" काय मोजायला आलीस, पोरी?

मी खांबाबद्दल विचारलं. साऱ्या बाया हसल्या. म्हातारीने ओला हात खांबाकडे केला. "बिहाव होगे हे तरिया के." तळ्याचं लग्न झालंय. तिच्या सासऱ्याच्या वेळी मांडव घालून, गावजेवण घालून लग्न लावलं होतं. सालवृक्षाचा तो खांब तेव्हा रोवलेला. लग्न झालेल्या तळ्याचंच पाणी इथे शुभकार्याला चालतं. "अऊ तोर?" तिने मला विचारलं. आणि तुझं? बाया पुन्हा हसल्या.

मी तोंड उघडणार, हे तळं बुजवायला निघालेत असं सांगणार, तेवढ्यात मोठ्या बाबूंनी माझा दंड धरला. "आता काई बोलू नको. उगाच या बायांची झोप उडवशील. पहिले कागद हातात येऊ दे."

कागद म्हणजे काय ते मला परतीच्या वाटेवर कळलं. इंग्रजांच्या काळच्या जमीन-बंदोबस्तात अधिकारी गावोगाव बसले आणि पाणी कोणाचं, चराई कुठली, मसणाची वाट कोणती, असं लोकांना विचारून त्यांनी प्रत्येक गावाची वहिवाट लिहून घेतली होती. याला म्हणायचं निस्तार. ती नोंद दुर्गच्या तहसिलीत असते, आणि नक्कल कोणीही मागू शकतो.

सरकारी कपाटात आपल्या बाजूचं काही असू शकतं, हे मला पटत नव्हतं. तरी अर्ज मीच लिहिला. तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाने दप्तर सोडलं आणि मी उभ्यानेच वाचत सुटले. तलाव, गावाचा. अंघोळ, गुरं, कपडे, सर्व जातींना. काठावरची झाडं कोणी तोडू नयेत. लिहिणारा साहेब असेल, पण वाक्यं लोकांची होती. इतकं नेमकं पत्रक मी आजवर लिहिलेलं नव्हतं.

नक्कल घेऊन आम्ही दोघं नगररचनेच्या साहेबांकडे गेलो. ते दुसऱ्या प्रांतातले, शांत माणूस. त्यांनी नक्कल वाचली, नकाशा उलगडला आणि रांगेवर बोट ठेवलं.

"यह पूरी लाइन हटेगी। आपके पिताजी भी तो क्वार्टर की लिस्ट में हैं न?"

होते. ती रांग खोदकामवाल्यांचीच होती. मला वाटलं होतं समोर कोणी दुष्ट असेल. समोर माझा बाप होता, पत्र्याच्या झोपडीत उकाडा सोसणारा. मी नकलेची घडी घालत राहिले. साहेब म्हणाले, दोन दिवसांनी सांगतो.

घरी जेवताना वडिलांना सगळं सांगितलं. आईचा हात ताटावर थांबला. वडिलांनी घास संपवला.

"मंग तू गप कावून बसली? सांगून द्याचं ना त्याले. आमी टिनाखाली राहून राहिलो, अजून राहू. पाणी राहते का टिनाखाली?"

"तुमचं काय जाते?" आई म्हणाली. "चूल मी पेटवतो त्या टिनात."

"तूच सांग मंग. बुजवू तळं?"

आईने भाताचं पातेलं पुढे ओढलं. "मी कुठं बुजवा म्हटलं," ती म्हणाली, आणि त्यांना भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मी ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं, हिंदीत, आईच्या चुलीसकट. ते हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली, रांग खोडली आणि कागदाच्या कडेला लिहिलं: निस्तारी तलाव, कायम ठेवावा; काठ मोकळा. ती रांग पुढच्या टप्प्यात गेली. आमचं क्वार्टर आणखी दोन पावसाळ्यांनी आलं.

गावाची चराई वाचली नाही, हेही लिहिलं पाहिजे. तिचीही नोंद त्याच कागदात होती, पण मोजणीच्या आधीच तिथं रस्ता पडला होता. तो राग माझ्यात अजून आहे आणि मी तो जपते. कोणत्याही नकाशावर 'रिकामं' दिसलं की मोजणी कोणत्या महिन्यातली ते मी पहिल्यांदा बघते.

तो अख्खा कागद मला नव्याने ट्रेस करावा लागला. प्रतीवर रंग भरताना मोठ्या बाबूंनी निळ्याची बशी माझ्याकडे सरकवली. तो रंग आमच्या चारांत नव्हता. त्यांनी घरून मुलाच्या पेटीतून आणला होता.

आश्विनात मी एकटीच त्या गावाला गेले. म्हातारी काठावर बसून पोत्यातून शिंगाडे निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. रांग, दुर्गच्या खेपा, साहेब, आणि आता तुमचं तळं कुठे जाणार नाही. तिने मान वर केली.

"तरिया कहाँ जातिस, नोनी?" तळं कुठं जाणार होतं?

मी समजावायला लागले. तिने अर्ध्यावरच माझ्या ओंजळीत शिंगाडे भरले. कच्चे, थंड, दुधाच्या चवीचे. परतताना सायकल एका हाताने ढकलत मी ते सगळे खाल्ले, आणि टरफलं रस्ताभर टाकत आले.