दुखवट्याची टोपी

मखमलाबादच्या कुंदनला दुःख नव्हतं, हीच त्याची पंचाईत होती. वडील पुंजाराम यांची दोन एकर झेंडू-गुलाबाची बाग, पाटाचं पाणी, आई रंगूबाईच्या हातची गरम भाकरी. गिटारसुद्धा वडिलांनीच घेऊन दिली, शहाण्णव साली, दसऱ्याचा झेंडू विकून. आणि पोरगं शिकलं काय, तर ब्लूज! अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांनी हाल सोसत रचलेलं गाणं. इगतपुरीचे एक निवृत्त रेल्वे गार्ड त्याला दर रविवारी शिकवायचे. बोटं छान चालतात, ते म्हणायचे, पण तुझं आत काही दुखत नाही.

हे कुंदनच्या जिव्हारी लागलं. पुण्यातल्या एका कार्यक्रमात त्यानं माईकवर सांगून टाकलं की माझे वडील फुलं तोडताना साप चावून गेले, हे गाणं त्यांच्यासाठी. तारा त्यानं नेहमीसारख्याच ओढल्या, पण समोर माणसं डोळे पुसत होती. झालं, गडी सोकावला. मुंबईला बोलावणं आलं, तिथेही बापाला मारलं. आणि इकडे पुंजाराम पहाटे फुलबाजारात गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, आमचा कुंदन मुंबईला वाजवतो.

दोन हजार तीनमध्ये एका वर्तमानपत्रानं त्याच्यावर लिहिलं, फोटोसकट आणि सापासकट. घरी कोण वाचतंय, असं त्याला वाटलं होतं. पण तो अंक लासलगावला, रंगूबाईच्या माहेरी पोचला. दुसऱ्या सकाळी मोतीराममामा दारात हजर, भाच्यासाठी दुखवट्याची टोपी आणि उपरणं घेऊन. बहिणीनं दहाव्यालासुद्धा कळवलं नाही म्हणून वाटभर रडत, चरफडत आलेला माणूस. आणि ओट्यावर दाजी झेंडू निवडत बसलेले.

मामानं पिशवीतून वर्तमानपत्र काढून वाचून दाखवलं. रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. कुंदनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुंजाराम तेवढे हसले. "माझं आयुष्य वाढलं म्हणायचं," म्हणाले आणि ती टोपी त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर घातली. मामा पाणीही न पिता निघून गेला.

संध्याकाळी पाटावर पाय धुताना पुंजारामांनी कुंदनला विचारलं, "नाग होता, का घोणस?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर कुंदननं पाय धरले असते. 'चुकलो' हा एवढासा शब्द, पण तो तोंडातून बाहेर येईना. उद्या म्हणू, असं त्यानं ठरवलं.

ती गोष्ट त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. बोलावणी कमी झाली. मग तो हॉटेलांतून वाजवू लागला. टोपी चांगल्या कापडाची होती, म्हणून पुंजाराम ती रोज बाजारात घालत. रोज सकाळी ती टोपी दिसली की कुंदन मान खाली घालायचा आणि उद्यावर ढकलायचा. अशी पाच वर्षं गेली.

दोन हजार आठच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुंजाराम झेंडूच्या ढिगाशेजारी छातीत कळ येऊन कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. घरी आणून त्यांना ओट्यावर निजवलं. पहिला फोन मामाला करायला हवा होता, आणि तो कुंदननंच करायला हवा होता.

"मामा, वडील गेले."



"लय झालं तुझं, कुंदन," मामा म्हणाला. "आधी दाजींना फोन दे."