सरकार पडलं

परवा बातम्यांत निवेदिका हसतमुखानं म्हणाली, "सरकार पडलं," आणि मी टीव्ही बंद केला. राजकारणाशी माझं काही वाकडं नाही. ते दोन शब्दच मला सोसत नाहीत.

कॅनडात, व्हिटबीतला तो उन्हाळा. लेक ईशा सप्टेंबरपासून शाळेत 'गव्हर्न्मेंट'चा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स घेणार होती, म्हणून सुट्टीतच तयारी चाललेली. बेसमेंटमध्ये कार्पेटचा दमट वास, तिच्या पिवळ्या हायलायटरचा वास, आणि शिकवायला मी. नागरिकशास्त्रात मी जेमतेम काठावर पास. पण बापाला न येणारं शिकवायलाही लाज वाटत नाही. अविश्वासाचा ठराव समजावत होतो.

वर माझे आई-वडील होते. आबा आईला जन्मभर 'सरकार' म्हणत. "सरकार, चहा मिळेल का?"

तेवढ्यात जिन्यावरून आबांचा आवाज आला, "अरे, सरकार पडलं!"

"ओ माय गॉड बाबा, आजोबा इज स्टडीइंग टू!" ईशा हसली. मला तर चेवच चढला. खालूनच ओरडलो, "मग निवडणुका घ्या!" आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

मग आबांचा आवाज पुन्हा आला, ओळखू येईना इतका बारीक. "अरे, सुमन पडली रे."

त्यांच्या तोंडून आईचं नाव मी प्रथमच ऐकत होतो. हॉस्पिटलमध्ये तिच्या कानाशी ते शेवटपर्यंत "सुमन, सुमन" म्हणत राहिले. आईनं डोळे उघडले नाहीत. तिला त्या नावाची सवयच नव्हती.