कच्च्या मसुद्याचा पंचनामा

चहा घ्या, थंड होईल. आमच्या सोसायटीतली ती भानगड तुमच्यापर्यंत उडत उडत आलीच असेल. पण लोक तिखटमीठ लावून सांगतात. मूळ गाढवपणा माझा, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका!

नवीन पनवेलात आमची छत्तीस बिऱ्हाडांची सोसायटी. सहा वर्षं मी तिचा सेक्रेटरी होतो. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो आणि एका आठवड्यात माझं 'मोकाशीसाहेब' गेलं. दूधवालासुद्धा 'आजोबा' म्हणायला लागला. सेक्रेटरी झालो तेव्हा साहेबपण परत आलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

रविवारी वार्षिक सभा होती. आमच्या अध्यक्षा दामलेबाई माझं नाव तिसऱ्यांदा सुचवणार होत्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी एखादं नाव घेतलं की बाकीचे हात आपोआप वर जातात. म्हणजे माझं काम झाल्यातच जमा होतं.

आता माझी एक सवय सांगतो, कारण सगळं तिच्यामुळे झालं. कचेरीतल्या आमच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं, मसुदा लिहायच्या आधी मनात असेल ते सगळं कागदावर ओकून टाका. नावानिशी! मग तो कागद फाडा आणि थंड डोक्याने 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहायला घ्या. अख्खी नोकरी मी ह्या पद्धतीवर काढली. कुणाशी भांडण नाही, कधी मेमो नाही. कॉम्प्युटर आल्यावरही पद्धत तीच ठेवली. फक्त फाडायच्या ऐवजी सगळं सिलेक्ट करायचं आणि डिलीट.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसून वार्षिक अहवाल असाच लिहिला. कच्चा तीन पानी झाला. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! तो पुसला, पक्का लिहिला, शेवटी 'आपला नम्र' टाइप केलं, आणि प्रोग्रॅम पडला. स्क्रीन पांढरीफटक झाली आणि सगळं गायब. सेव्ह केलं होतं का? छे! सेव्ह शेवटी एकदाच करायचं, ही माझी दुसरी सवय.

तिसऱ्या मजल्यावर रिबेका झिराडकर राहते. वाशीला एका कंपनीत कॉम्प्युटरचीच नोकरी करते. मी धावत तिच्याकडे गेलो. दारातच ती म्हणाली, "काका, आज शनिवार, आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. आज मी कॉम्प्युटरला हात लावत नाही. संध्याकाळी चांदण्या दिसल्या की येते. पण घाबरू नका, प्रोग्रॅम सारखा पडतोय म्हणून मी गेल्या महिन्यात डंपची सोय चालू करून ठेवलीय."

"डंप म्हणजे?"

"प्रोग्रॅम पडला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या मेमरीत त्या क्षणी जे काही असतं ते एका फाइलमध्ये उतरवून ठेवते. का पडला ते शोधायला. तुमचा अहवाल त्यात बहुतेक सापडेल."

बस्स! एवढं ऐकून माणसाने घरी जाऊन जेवावं की नाही? मी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि दुपारभर सोसायटीत व्याख्यानं देत फिरलो.

"पंचनामा असतो हो तो!" मी पाटलांना सांगितलं. पाटील दुसऱ्या मजल्यावरचे. नेऱ्याला त्यांची शेती आहे आणि कमिटीवरही आहेत. "माणूस रस्त्यात पडला की पोलीस काय करतात? कसा पडला, खिशात काय होतं, सगळं लिहून घेतात. तसंच हे."

"खिशातला पन?" पाटील म्हणाले.

"सगळं! काहीही लपत नाही!"

हे वाक्य मी त्या दिवशी किमान पंधरा लोकांना ऐकवलं. एकदाही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. विज्ञान समजावून सांगताना ते आपल्यालाही लागू असतं, हे कुणाच्या लक्षात येतं हो?

संध्याकाळी साडेसातला ऑफिसात कमिटी जमली, वर प्रेक्षक वेगळे. रिबेका आली. "काका, फाइल मी घरी नेते. शांतपणे बघून तुमचा अहवाल तेवढा काढून देते."

"घरी कशाला? इथेच, सगळ्यांसमोर! मोठ्या टीव्हीवर लाव."

"काका, त्यात सगळंच येतं."

"तेच तर हवंय!"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीला वायर जोडली आणि दोन ओळी टाइप केल्या. आधी नुसता कचरा धावला, चौकोन, आकडे, प्रश्नचिन्हं. मग अस्सल मराठी आलं.

'दामलेबाई मीटिंगमध्ये अजून शाळा भरवतात. सहासष्ट वर्षांच्या माणसाला लघवीला जायलाही परवानगी मागावी लागते.'

मी म्हटलं, "हा… हा व्हायरस दिसतोय."

"व्हायरस नाही, काका," रिबेका हळूच म्हणाली. "तुम्ही पुसलेलं पुन्हा आणता यावं म्हणून प्रोग्रॅम ते मेमरीत जपून ठेवतो. पडला तेव्हा तेही उतरलं."

"बंद कर मग!"

"थांब," दामलेबाई म्हणाल्या. "पुढे सरकव."

खाली पक्का मसुदा आला. 'अध्यक्षांच्या शिस्तप्रिय मार्गदर्शनामुळे सर्व सभा वेळेत पार पडल्या.' बाईंनी दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली. आधी कच्चं, मग पक्कं. मागून कुणीतरी फस्सकन हसलं.

पुढची पाळी पाटलांची. कच्चं असं होतं, 'पाटील नेऱ्याच्या शेतातली म्हणून जी भेंडी वाटतात, ती त्यांना पनवेलच्या मार्केटात घासाघीस करून घेताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.' आणि पक्कं, 'श्री. पाटील यांनी आपल्या शेतातील ताजी भाजी देऊन ऋणानुबंध जपला.'

पाटील उठून उभे राहिले. "तुमी बगितला, तर तवाच बोलायचा ना साहेब! यंदा डुकरांनी भेंडी ठेवलीच नाय. दरवर्षी देतो, मग रिकाम्या हातांनी कसा यायचा?"

मला खरंच वाईट वाटलं. मी पाटलांची माफी मागितली, बाईंची मागितली, समोर दिसेल त्याची मागितली. बाकीची पानं वाचून होईपर्यंत कमिटीतलं कुणीही माझ्या तावडीतून सुटलं नव्हतं.

शेवटी दामलेबाईंनी चष्मा पुसला. "मोकाशी, मनात आलं ते लिहिलंत, त्याचा राग नाही. लिहून पुसलंत, ही समज झाली. सहा वर्षं तुम्ही काम मात्र चोख केलंत. उद्या मी तुमचंच नाव सुचवणार."

मी डोळे मिटून घेतले. वाचलो! बाईंना हात जोडले.

तेवढ्यात रिबेका माझ्या कानाशी आली. "काका, तुमचा पासवर्ड तेवढा आज बदला."

"का?"

"प्रोग्रॅम उघडताना टाकलेला असतो ना, तोही मेमरीत होता. अगदी शेवटी आलाय."

मी टीव्हीकडे बघितलं. रिमोट शोधला, सापडला नाही. दामलेबाईंनी चष्मा परत चढवला आणि वर्गात वाचतात तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं.

"भावी… अध्यक्ष… मोकाशी."

रविवारी सेक्रेटरी म्हणून रिबेका बिनविरोध निवडून आली. नाव बाईंनीच सुचवलं.

मला मात्र सोसायटीत आता कुणीही आजोबा म्हणत नाही. साहेबही म्हणत नाही. जिन्यात भेटलं की अख्खी बिल्डिंग विचारते, "काय भावी, बरं आहे ना?"