हिरव्या ठिगळाचा फ्रॉक

आमच्या घरात जत्रेला जायचं ठरलं की आधी भांडणाला मुहूर्त लागायचा. परभणीच्या उरुसाला तर हमखास. तिथं मोठा पाळणा यायचा आणि त्या पाळण्यात धाकट्याला बसवता यायचं नाही. तीन वर्षांचं पोर. त्याला सगळं पाहिजे असायचं आणि सगळ्याची भीतीही वाटायची. लाकडी घोड्यावर बसवलं की उतरव म्हणून बोंब, उतरवलं की बसव म्हणून बोंब. मग बाकीचे पाळण्यात बसणार तर कुणीतरी त्याला धरून खाली थांबायचं. ते कुणी, यावरच आमचा अर्धा उरूस संपायचा.

ताई आणि मी, आम्हा दोघींच्या पाठीवर झालेला हा मुलगा. आईनं पोखर्णीच्या नरसिंहाला त्याचं जावळ बोललेलं होतं. बोललेलं जावळ देवाच्या दारातच काढायचं, तोवर केसाला कात्री लावायची नाही. पण पोखर्णीला जाणं काही ना काही कारणानं लांबत होतं. कधी सुतक, कधी सुगी. केस मात्र कुणासाठी थांबत नव्हते. ते पाठीवर रुळायला लागले तशी आई त्याच्या दोन वेण्या घालू लागली, लाल रिबिनी लावून. शिवाय नवसाच्या पोराला नजर लागू नये म्हणून मला आखूड झालेले फ्रॉक त्याच्या अंगात. नजरही टळली आणि कापडही वाया गेलं नाही. आम्हाला त्यात वावगं काही दिसत नव्हतं. आमच्या लेखी तो मुलगाच होता, घरातला एकुलता एक, सायीचं दूध आधी मिळणारा.

त्या दिवशी त्याच्या अंगात माझा गुलाबी फ्रॉक होता. बाभळीच्या कुंपणात अडकून त्याचा खिसा मी फाडला होता आणि आईनं त्यावर जुन्या झंपराचं हिरवं ठिगळ लावलं होतं. तो फ्रॉक मला अजून येतो, असं माझं म्हणणं होतं. बसमध्ये बसल्यापासून माझी तीच भुणभुण चालू होती आणि आई वैतागली होती.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गावच्या शाळेत मास्तर. त्यांचं लक्ष उरुसात नव्हतंच, बसस्टँडवर होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवसांत हवा तापलेली, कोणती बस कधी रद्द होईल याचा नेम नसायचा. "चला, चला," एवढंच ते बोलत होते. हलव्याच्या दुकानापाशी चला, पोरांच्या आगगाडीपाशी चला. वेड्यावाकड्या आरशात मी चांगली उंच, बारीक दिसत होते, तर तिथंही नीट बघू दिलं नाही. धाकटा खांद्यावरून खाली, खाली आला की परत खांद्यावर. कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता.

शेवटी ताईनं भर गर्दीत बसकण मारली. "आमाला पाळण्यात बसवल्याबिगर मी इथून हालत न्हाई."

अण्णांनी मुकाट्यानं आमची दोन तिकिटं काढली आणि बसची चौकशी करायला ते फाटकाकडं गेले. आई धाकट्याचा हात धरून खाली उभी राहिली.

पाळणा वर गेला तशी मी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली. ज्यासाठी एवढं भांडलो ते हेच का, असं वाटलं. ताई डोळे गच्च मिटून बसली होती. मी वरून आमची माणसं शोधली. आई सापडली. ती आमच्याकडं बघून हात हलवत होती. दोन्ही हात.

पाळणा खाली आला, परत वर गेला, तेव्हा कुठं ते माझ्या डोक्यात शिरलं. दोन्ही हात मोकळे, मग त्याला धरलंय कुणी? "आई, धाकटा कुठाय!" मी ओरडले. आई हसली आणि आणखी जोरात हात हलवायला लागली. पाळण्यातली सगळीच पोरं ओरडत होती, तिला वाटलं मलाही मजा येतेय. मी पाळणेवाल्याला हाका मारल्या. त्याला असल्या हाकांची सवय होती. आतून जीव नुसता तडफडत होता आणि पाळणा आपला गोल गोल. एवढा राग मला आयुष्यात कुठल्याही यंत्राचा आलेला नाही.

उतरले तेव्हा आईला कळलेलं होतं. ती जागच्या जागी गिरक्या घेत होती. "इथंच व्हतं की लेकरू! पदर धरून उभा ऱ्हा म्हनलं व्हतं!"

अण्णा आले, त्यांनी ऐकलं आणि आम्हाला घेऊन तडक पुकारणाऱ्याकडं गेले. तो उंच मचाणावर कर्णा लावून बसला होता.

"मुलगा हरवलाय आमचा," अण्णा खालून म्हणाले. "वय तीन. गोरा आहे, गुटगुटीत."

"कपडे?"

अण्णा घुटमळले. भोवती दहा माणसं कान देऊन उभी. मास्तराचा मुलगा, आणि फ्रॉक घालून हिंडतो म्हणून कसं सांगायचं? "साधेच," ते म्हणाले. "घरातले."

"पोरगा कुनी आनून दिला न्हाई, भाऊ. एक पोरगी तेवढी हाय, तिकडं चौकीच्या तंबूत. लय रडायलीय. तुमची हाय का?"

"नाही हो, मुलगा आहे आमचा," अण्णा म्हणाले. आई तर त्याआधीच चालायला लागली होती.

आज हे कुणाला सांगितलं की लोक विचारतात, एवढं कसं कळलं नाही तुम्हाला? नाही कळलं. आम्ही मुलगा शोधत होतो.

आम्ही मौतका कुआँच्या मागं बघितलं, आगगाडीच्या रुळांत वाकून बघितलं, फोटोवाल्याच्या पुठ्ठ्याच्या विमानाआड बघितलं. कर्णा एकदा आमचा मुलगा हरवल्याचं सांगायचा आणि लगेच एक लहान मुलगी सापडल्याचं. आई चालता चालता हात जोडत होती. दर्ग्याला गोडाची शेरणी बोलून झाली. मग नरसिंहाला, "देवा, चुकलं माझं, आता लांबवत न्हाई, लेकरू दे, ह्याच महिन्यात जावळ काढते." मुलगी सापडल्याचं परत पुकारलं तेव्हा ती चिडलीच. "कुनाची हाय की बिचारी! न्यायलाबी येईनात. कसली मान्सं म्हनावं ही!"

पुकारणाराही कंटाळला असावा. या खेपेला त्यानं सगळं वर्णन सांगितलं. दोन वेण्या, गुलाबी फ्रॉक, खिशाला हिरवं ठिगळ.

"माझा फ्रॉक!" मी किंचाळले.

आईनं फाडकन माझ्या तोंडात मारली. "लेकरू जायलंय माझं आन् तुला फ्रॉकाचं पडलंय?"

मी गाल धरून उभी राहिले. ताई मात्र एकदम थांबली. "आई," ती म्हणाली, "ती मुलगी आपला धाकटा हाय."

आई जी धावली, ती चप्पल तिथंच टाकून.

तंबूत तो हवालदाराच्या मांडीवर रेवडी चोखत बसला होता. आईनं त्याला असं ओढून घेतलं की रेवडी खाली पडली आणि तो तिच्यासाठी रडायला लागला. हवालदार म्हणाला, "किती येळ झाला बोंबलायलोत. लेक म्हून टाकून दिली काय?"

"मुलगा आहे तो," अण्णा म्हणाले.

हवालदारानं वेण्या बघितल्या, अण्णांकडं बघितलं. "मग तसं सांगायचं न्हाई व्हय, भाऊ!" सगळा तंबू हसला. अण्णाही हसले आणि दस्तीनं डोळे पुसत राहिले.

बस मिळाली. आई धाकट्याला पोटाशी धरून बसली होती, आम्ही दोघी दांडीला लटकून उभ्या. गाव जवळ आल्यावर ताई म्हणाली, "आई, मुलगी सापडली म्हून ते कवाचे ओरडायले व्हते. तू एकदाबी जाऊन बघितलं न्हाईस."

आईनं धाकट्याच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. मला ताईचा राग आला, एवढा आनंद झालेला असताना हे कशाला काढायचं म्हणून. नंतर त्या वाक्यानं मला कितीतरी वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही.

त्याच महिन्यात पोखर्णीला जावळ झालं. टकलू होऊन, अर्धी चड्डी घालून धाकटा देवळाबाहेरच्या पाळण्यांकडं पळायला लागला आणि फ्रॉक माझ्याकडं परत आला. तो मला खरंच येत नव्हता.

पुढच्या उरुसात अण्णांनी त्याला खांद्यावरून उतरवलंच नाही. आईच्या एका हातात माझं मनगट, दुसऱ्यात ताईचं, बांगड्या रुतेपर्यंत धरलेली. तेवढ्यात कर्ण्यावर पुकारलं, एक लहान मुलगी सापडली आहे. आई वळली आणि आम्हाला ओढत तंबूकडं निघाली.

"आगं, आपल्या दोघी तुझ्या हातात हायत की," अण्णा म्हणाले.

"हायत," आई म्हणाली. "तरी बगून येते."