बाटली चर्चमध्ये राहिली

शुभदाला देवळांचं वेड असतं तर तिला कोणी नावं ठेवली नसती. पण तिला वेड लागलं चर्चचं. तेही नागपूरच्या बड्या, नाताळात झगमगणाऱ्या चर्चचं नव्हे. रेल्वेच्या वसाहतीत, जुन्या छावणीच्या कडेला, कुठल्याशा बोळात अंग चोरून उभी असलेली चर्च, जी खुद्द नागपूरकरांनाही धड ठाऊक नाहीत, ती तिला हवी असायची. यवतमाळात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी बाई महिन्यातून एका रविवारी पहिली एसटी धरते, धक्के खात नागपूर गाठते आणि परक्या देवाच्या भिंतीसमोर कागद मांडून बसते, हे ऐकून लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, काहून? आता या काहूनला काय उत्तर देणार? कोणाला पत्त्यांचा नाद असतो, कोणाला नाटकाचा. तिला हा होता.

सुरुवात नागपुरातल्या शिक्षकांच्या एका शिबिरात झाली. खोलीच्या खिडकीतून समोर एक दगडी इमारत दिसायची. शुभदाला वाटलं, जिनिंगचं जुनं गोदाम असेल. उतरती कौलं, जाड भिंती, वर त्रिकोणी माथा. मग त्या माथ्यात तिला एक छोटीशी कमान दिसली आणि कमानीत टांगलेली घंटा. मनोरा बांधायचं कोणाला जमलं नसावं, म्हणून नुसतं घंटेपुरतं घर केलेलं. ती चपला काढून आत गेली आणि मान वर करून बघतच राहिली. छताच्या सागवानी कैच्या अगदी तिच्या शाळेच्या जुन्या वर्गातल्यासारख्या, आणि खाली मात्र टोकदार विलायती कमानी. नकाशा काढणाऱ्यानं आपल्या थंड विलायतेतला, ऊन आत घेणारा नकाशा काढला असणार, आणि बांधणाऱ्यानं तो नागपूरच्या मे महिन्याला भिऊन वळवला असणार. पश्चिमेच्या खिडक्या अरुंद, सभोवती बंगल्याला असतो तसा व्हरांडा. दोन अनोळखी माणसांचं हे भांडण आणि हा समझोता तिला दगडात वाचता आला. झालं. बाईंचा रविवार गेला.

घरी सासूबाई, विमलताई. बोरी अरबच्या शेतकरी घरातल्या, बोलायला तिखट, मनानं साफ, आणि सोवळ्याच्या बाबतीत कोणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या. बाहेरचं पाणी त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. घरातलंही घ्यायचं तर स्वतःच्या नाहीतर शुभदाच्या हातचं. शुभदा रोज सकाळी आंघोळ करून माठ भरायची आणि तोच माठ विमलताईंना चालायचा. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा हा रिवाज, आणि खरं सांगायचं तर शुभदाला त्याचा मनातून अभिमानच होता. एवढी कडक बाई जगात फक्त आपल्यावर विश्वास टाकते, हे काय थोडं झालं?

म्हणून चर्चचं कळलं तेव्हा विमलताईंनी भांडण केलं नाही. एक अट घातली. जा, काय काढाचं ते काढ, पण तिथलं पाणी प्यायचं नाही. तेव्हापासून त्या रविवारी विमलताई स्वतः पहाटे उठून माठातल्या पाण्यानं तिची बाटली भरून देत, ओलं फडकं गुंडाळून.

आणि शुभदानं ती अट पहिल्याच उन्हाळ्यात मोडली. मुद्दाम नव्हे. दुपार कलायच्या आधी बाटली संपली होती, जीव कासावीस झाला होता, आणि त्या पहिल्या चर्चची राखण करणाऱ्या शांतवनची बायको मार्था तांब्या घेऊन समोर उभी राहिली. मार्थानं तो तांब्या आधी तिच्या देखत, काही न बोलता, पुन्हा एकदा घासला होता. तो घासलेला तांब्या बघून शुभदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पाणी प्यायली. पुढंही पीत गेली, दर खेपेला, पाच-सहा वर्षं. घरी मात्र तोंडाला कुलूप. बाटली नुसती सोबत जायची आणि यायची.

तर त्या साली, म्हणजे कापसाच्या भावावरून सगळा जिल्हा पेटला होता त्या हंगामात, शुभदा अशीच एका रविवारी नागपूरला गेली. शांतवननं तिच्यासाठी शिडी मिळवली होती. शिडीवर चढून तिनं खांबाचा माथा पहिल्यांदा जवळून पाहिला. अशा खांबांवर द्राक्षांचे घोस कोरायची रीत. इथं द्राक्षं नव्हतीच. कापसाची बोंडं होती, उललेली, पाकळीपाकळीतून कापूस बाहेर आलेला. कोरणाऱ्या गवंड्यानं द्राक्षाचा वेल कधी पाहिला नसेल, त्यानं आपली शेतातली पऱ्हाटी कोरली. शुभदा उतरेचना. पार उन्हं कलेपर्यंत तिनं ती बोंडं काढली आणि मग एसटी चुकेल म्हणून धावत सुटली. नवऱ्याला कधी दाखवते असं तिला झालं होतं. श्रीकृष्ण दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता, बोंड बघून जात सांगणारा माणूस.

बाटली बाकावरच राहिली. एसटीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि तिनं ते सोडून दिलं.

कळंबच्या अलीकडे एसटी थांबली ती थांबलीच. कापसानं भरलेल्या बैलगाड्या रस्त्यावर आडव्या. भाव जाहीर होत नाही तोवर चाक हलणार नाही, असं माणसं सांगत होती, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की कंडक्टरही पुन्हा विचारायला खाली उतरला नाही. मागं ट्रकची रांग, पुढं पोलीस. कोणीतरी दगड उचलेल आणि सगळं हाताबाहेर जाईल, या धाकानं खिडक्या लावून घेतलेल्या. एका प्रवाशाच्या मोबाइलवरून तिनं घरी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. घरी म्हातारी सासू, तीही साखरेची पेशंट, आणि दहावीतली पोर. शुभदाचा जीव टांगणीला लागला. गाड्या सरकल्या तेव्हा फटफटलं होतं.

फोन एंगेज का लागत होता? तर आदल्या संध्याकाळी शांतवननं कोपऱ्यावरच्या बूथवरून शुभदाच्या घरी फोन केला होता. भला माणूस, बाई बाटली विसरल्या, उगाच शोधत बसतील म्हणून. फोन विमलताईंनी घेतला. लाइनीत खरखर, विमलताईंचा एक कान अधू. शांतवन म्हणाला होता, शुभदाताईंची बाटली चर्चमध्ये राहिली, काळजी करू नका, मी सांभाळतो. आता मधली ती 'ची' खरखरीत गेली तर काय उरतं, तुम्हीच बघा.

"शुभदाताई बाटली. चर्चमध्ये राहिली. काळजी करू नका, मी सांभाळतो."

विमलताईंच्या हातून रिसीव्हर सुटला तो लोंबकळतच राहिला. रात्री शिकवणीहून केतकी आली, तिनं तो जागेवर ठेवला खरा, पण तोवर विमलताईंच्या तोंडून ऐकून शेजारच्या कोकिळाकाकूंनी आपल्या घरून श्रीकृष्णला दिग्रसला कळवून टाकलं होतं. नात समजावत होती, आजी, असं कसं होईल? पण आई तर घरी आली नव्हती. शेवटची एसटीही येऊन गेली असणार. विमलताई बाजेवर बसल्या आणि म्हणाल्या, ती येऊन तिच्या तोंडानं खरं सांगेस्तोर मी पाण्याचा थेंब घेणार नाही.

सकाळी शुभदा गल्लीत शिरली तर ओट्यावरच्या बाया एकदम गप्प. घरात पाऊल टाकलं तर श्रीकृष्ण समोर उभा. दिग्रसच्या केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली असताना, लोक ग्रेडरच्या अंगावर धावून जात असताना हा माणूस काम टाकून आला होता. आईंना काही झालं का, एवढंच ती बोलली.

"आई कालपासून पाणी पीत नाहीये," श्रीकृष्ण म्हणाला. त्याचा आवाज ओढलेला होता. "तू एकदाच सांग. तू धर्म बदललास का?"

शुभदाला आधी कळेचना. ती विमलताईंकडे बघायला लागली. म्हातारीचे ओठ कोरडे ठणठणीत, डोळे खोल गेलेले, हाताला बारीक कंप. साखरेच्या माणसानं असं कोरडं राहणं म्हणजे काय, ते डॉक्टरांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. शुभदा धावत माठाकडे गेली, पेला भरून आणला. विमलताईंनी तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कोण म्हणालं, कधी म्हणालं, काय म्हणालं, असं तिनं विचारलं, आणि विमलताईंनी फोनवरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शुभदानं ते मनात दोनदा घोळवले. मग म्हणाली, बाटली, आई. पाण्याची बाटली. माझी बाटली तिथं बाकावर राहिली.

मग केतकीला हसू फुटलं. दारातल्या कोकिळाकाकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि श्रीकृष्ण तर हसत हसत खालीच बसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गल्लीतल्या बायांपर्यंत ती गंमत पोचायलाही वेळ लागला नाही. घर असं मोकळं झालं की विचारू नका. दोघी तेवढ्या हसल्या नाहीत. एक शुभदा, कारण पेला अजून तिच्याच हातात होता. आणि दुसऱ्या विमलताई.

"बाटली तिथं राह्यली," विमलताई सावकाश म्हणाल्या. "मंग तू पाणी कोठचं पेली?"

हसणं थांबलं. श्रीकृष्णनं डोळ्यांनी खुणावलं, सांगून टाक काहीतरी. बसस्टँडवरचं म्हणायचं, एवढंच तर होतं. शब्द शुभदाच्या ओठांवर आलासुद्धा. म्हातारी पाणी प्यायली असती, विषय मिटला असता. पण बसस्टँड म्हणायला तोंड उघडलं आणि तिला मार्थाचा तो न बोलता घासलेला तांब्या दिसला. ज्या बाईनं पाच-सहा वर्षं आपल्याला पाणी पाजलं, तिचं पाणी आपण घाण म्हणून लपवायचं? तिला स्वतःचीच किळस आली.

"चर्चमधलंच, आई. शांतवनच्या घरचं," ती म्हणाली. "कालच नाही. पहिल्या उन्हाळ्यापासून."

श्रीकृष्णनं कपाळाला हात लावला. विमलताई मात्र रागावल्या नाहीत. नातीच्या शाळेतलं अवघड गणित कोणी समजावून सांगावं आणि त्या ऐकत बसाव्यात, तशा बराच वेळ बसून राहिल्या.

"घरचा माठ कोन भरते?"

"मीच भरते, आई."

"रोज?"

"रोज."

"मंग मी तं कवाचीच बाटली," विमलताई म्हणाल्या आणि हात पुढं केला. "आन ते पाणी. जीव चालला माहा."

त्या घटाघट पाणी प्यायल्या, एक पेला, मग दुसरा. श्रीकृष्णनं सुस्कारा टाकला, कोकिळाकाकूंनी चहा टाकला, आणि म्हातारीनं कशी जिरवली सगळ्यांची म्हणून गल्लीत कौतुक झालं. शुभदाही रडली, सुटकेनं रडली. दुपारच्या गाडीनं श्रीकृष्ण दिग्रसला परतला. ती बोंडं त्याला दाखवायची राहूनच गेली.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शुभदा माठ भरून आली तर विमलताई आंघोळ करून देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेल्या. फुलं तोडून ठेवलेली, गंध उगाळलेलं, आणि हात मांडीवर. आत जाईनात. शुभदानं विचारलं, तब्येत बरी नाही का? तर म्हणाल्या, आजपासून केतकीनं पूजा करावी. शुभदाला वाटलं, रुसवा असेल, दोन दिवसांत जाईल. तो गेला नाही. कापसाचा हंगाम सरला तरी त्या रोज तशाच उंबऱ्याबाहेर बसायच्या, लांबून हात जोडायच्या. पाणी शुभदाच्याच हातचं घ्यायच्या, जेवायच्या, बोलायच्या, रागवायच्यासुद्धा. पण देवाला हात लावला नाही.

शेवटी एक दिवस शुभदाला राहवेना. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, आई, त्याच माठातलं पाणी केतकी प्याली, हेही प्याले, ते जातात ना आत. आणि तुम्हाला तर ठाऊकच नव्हतं, मग तुमच्याकडे दोष कुठून आला?

"त्यायचा नेम नव्हता. माहा होता," विमलताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर शुभदाला सोसला असता. "अन् मले ठाऊक नव्हतं, तवर देव माहा होता. तू लय खरी हायेस, मले माहीत हाय. पन एवढं एक खोटं नाई बोलता आलं का वं तुले, माह्यासाठी?"