‘सलन’ शब्दाचा तास

औरंगपुऱ्यात दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक स्पर्धा परीक्षांचा क्लास होता. तिथं मी चार वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातला एक तास आठवला की आजही मला स्वतःची किळस येते.

त्या दिवशी फळ्यावर ‘सलन’ हा शब्द होता. कुणाशी न बोलता, तोंड पाडून, मनात राग धरून बसलेल्या माणसाला इंग्रजीत सलन म्हणतात. त्याखाली मी समानार्थी शब्द लिहिले होते: सल्की, ग्लम, मोरोज, सर्ली. असे शब्द परीक्षेत हमखास येतात आणि पोरं हमखास गोंधळतात. मी एकेकाचा फरक सांगत होते, तेवढ्यात क्लासचे मालक वर्गात आले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो.

“मॅडम, अर्थ सांगून कळत नसतो, दाखवावा लागतो,” ते म्हणाले. वर्गभर नजर फिरवून त्यांनी भिंतीकडच्या एका मुलीला उभं केलं. “हां, अशीच उभी राहा. बघा रे सगळे. ही आल्यापासून कुणी हिला हसताना पाहिलंय? हे बघा, सलन!”

वर्ग खदखदून हसला. सरांना चेव आला. “आता मराठीत सांगा पटापट!”

“घुमी!” “तुसडी!” “आंबट!” मागून कुणीतरी ओरडलं, “तिरसट!”

मग सर माझ्याकडं वळले. “मॅडम, एक तुमच्याकडून.”

मी नको म्हणू शकले असते. घसा धरलाय म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मला खरंच एक चांगला शब्द सुचला होता, आणि तो सांगायचा मोह झाला. “फुरंगटलेली,” मी म्हणाले, तेही जरा लाडिक सूर लावून. सगळ्यात मोठा हशा माझ्या शब्दाला मिळाला.

मुलगी फळ्याकडं बघत उभी होती. बसायला सांगितल्यावर बसली आणि फळ्यावरचे सगळे शब्द वहीत उतरवून घेतले.

तास सुटल्यावर मी तिला जिन्यापाशी गाठलं. माझ्या मनाला टोचणी होती, आणि ती लवकर घालवायची होती. “वाईट वाटून घेऊ नकोस,” मी म्हणाले. “चेष्टा होती ती. पण तूही जरा हसत-बोलत जा. अशी रुसल्यासारखी का बसतेस?”

“मॅडम, रुसायला घरचं माणूस लागतं,” ती म्हणाली. “इथं मी कुणावर रुसू? मी बेजार हाय.”

“कशानं?”

ती या पायावरून त्या पायावर होत होती. “पिशोरहून सहाच्या एसटीनं निघते. घरी पोचायला चार वाजत्यात. इथं जायची सोय नाय, म्हणून मी पाणीच पीत नाय. दुपारपर्यंत ओटीपोटात कळ येती. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. कन्नडचे डॉक्टर म्हणले, लई पाणी पी. कसं पिऊ?”

“सोय नाही कशी? मागं मुलींचं आहे की.”

“तुम्ही कधी गेलाव का तिथं?”

नव्हते गेले. चार वर्षांत एकदाही नाही. स्टाफच्या स्वच्छतागृहाची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

मी तशीच मागं गेले. दाराला कडी नव्हती, भोकातून सुतळी ओवली होती. ती आतून धरून बसायचं. नळ कोरडा. भांडं काठोकाठ तुंबलेलं, वर माश्या, कोपऱ्यात कागदात गुंडाळलेल्या पॅडचा ढीग, आणि जमिनीवर पाय ठेवायला दोनच विटा. त्या विटाही ओल्या. तोंडावर ओढणी दाबून मी पळाले, आणि पळून कुठं गेले तर स्टाफच्या स्वच्छतागृहात. तिथं साबणानं दोनदा हात धुतले. मी कशालाही हात लावला नव्हता.

सर केबिनमध्ये डबा खात होते. मी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी घास थांबवला नाही. “मुलीच घाण करतात, मॅडम. सवय नसते. गावाकडं कुठं जातात ते विचारा त्यांना.” बोटांवरचा रस्सा चाटून ते म्हणाले, “आज तर तुम्हीच सलन दिसताय!”

आणि मी हसले. आतून त्यांच्या डब्याची, बोटांची, आवाजाची शिसारी येत असताना चेहरा आपोआप हसला. चार वर्षांची सवय होती ती.

दुसऱ्या दिवशी मी माझी किल्ली त्या मुलीला दिली. दुपारपर्यंत स्टाफच्या दारापुढं मुलींची रांग लागली. तीनच दिवसांत कुलूप बदललं, दारावर ‘फक्त स्टाफसाठी’ अशी पाटी आली आणि नवी किल्ली माझ्या टेबलावर. मी ती उचलली आणि पर्समध्ये टाकली. हेही लिहिलं पाहिजे.

पण मुली थांबल्या नाहीत. पुढच्या सोमवारी कुणीच वर्गात शिरलं नाही. वीस-पंचवीस जणी खालपासून वरपर्यंत जिन्यावर बसल्या, आणि सगळ्यात वर, सरांच्या केबिनसमोर, ती. नव्या प्रवेशांचे दिवस होते. पालक जिना चढून यायचे आणि विचारायचे, काय झालं? ती प्रत्येकाला सांगायची, “काका, आधी मागचं स्वच्छतागृह बघून या. मग पोरीचं नाव घाला.” आवाज चढवत नव्हती, काही नाही. दोन पालक खरंच बघून आले आणि नाकाला रुमाल लावून परस्पर खाली उतरले.

मीही जाऊन बसले. मात्र खालच्या वळणावर, जिथून केबिन दिसत नव्हती.

त्याच दुपारी सफाई झाली. आठवड्यात कडी बसली, नळाला पाणी आलं. सर मला म्हणाले, “बघा, मी म्हणालोच होतो, करून देऊ.”

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या शेजारच्या खाला उर्दूत ‘बेजार’ म्हणतात तेव्हा त्यात वीट असतो, किळस असते. आपल्या मराठीत तो शब्द नुसता दमल्या-त्रासल्याकडं झुकतो. ती मुलगी जिन्यापाशी म्हणाली तेव्हा त्यात दोन्ही होतं. ते मला फार उशिरा कळलं, आणि शब्द शिकवायचं काम माझं होतं. पुढच्या तासाला मी वर्गासमोर तिची माफी मागितली. ती मान खाली घालून म्हणाली, “असू द्या, मॅडम.” एकदोन पोरं खिडकीबाहेर बघत होती.

वर्ष संपलं तसा मी तो क्लास सोडला. बॅचच्या शेवटच्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी झटकन मागं सरकले; तिनं वाकावं असं मी काही केलं नव्हतं. तिला वाटलं, मला ते आवडत नाही. “बरं मॅडम, येते,” म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून घाईनं जिना उतरून गेली.